बसनं दीड दिवस, विमानानं अडीच तास

३० ऑगस्ट

अबिलिओ काल लक्झेंबर्गला परत गेला. शावेशच्या बसथांब्यावर सोडून आले. दरवर्षीचंच आहे. ऑगस्ट लागला की येतो, सरला की जातो, मग नाताळात पुन्हा थोडे दिवस. एकवीस वर्षं झाली. तिकडे त्यानं रस्ते बांधले, इकडे मी घर, द्राक्षं आणि चेस्टनटची झाडं सांभाळली. बरोबर बटाटे, लसूण, धुरावलेली सॉसेजं आणि तेलाचा डबा दिला. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, माणूस राहू द्या, सामानच पाठवा."

तो गेला की घर खायला उठतं. सकाळी उठून टेबल परत खिडकीजवळ ओढलं, कारण तो आला की ते भिंतीला लावतो. त्याच्या दाढीच्या सामानाची जागा पुसून तिथं माझी औषधं मांडली. काल रात्री पलंगाच्या मधोमध आडवी झाले ती एकदम उजाडलंच. दुःखानं माणूस थकतो, दुसरं काय.

८ सप्टेंबर

अबिलिओचा फोन आला. पुढच्या महिन्यापासून त्याला पेन्शन. मी म्हटलं, "चला, सुटलास. मग येतोस कधी?"

"बघू. नाताळ होऊ दे."

"नाताळाला कायमचा येतोस?"

"नाताळाला येतो. कायमचं नंतर बघू. इथं कामं आहेत जरा."

"पेन्शनीत निघालेल्या माणसाला कसली कामं?"

"असतात," म्हणाला, आणि विचारलं, "तिकडे पाऊस काय म्हणतो?" आमच्यात बोलणं अडलं की पाऊस काय म्हणतो ते विचारायचं, असं ठरूनच गेलंय.

फोन ठेवल्यावर पहिला विचार कुठला आला, तर त्याची अवजारं ठेवायची कुठं. गोठ्याशेजारच्या खोलीत माझे चेस्टनट वाळवायचे सांगाडे आहेत. नवरा येतोय की नाही याचा घोर सोडून मी जागेचा हिशेब करत बसले. माझं डोकंच फिरलंय.

१४ सप्टेंबर

एर्मेलिंदा कुंपणावर रेलून उभी होती. अबिलिओची चुलतबहीण आणि माझी शेजारीण. गावात कुणाला शिंक आली तर हिला आधी कळतं.

"काय गं देओलिंदा, भावाची पेन्शन सुरू होतेय म्हणे. मग राजे अवतरणार कधी?"

"तिकडे कामं आहेत त्याला."

"हो, असतील की. कामांना स्कर्ट असतो कधी कधी."

मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला नेसव." आत येऊन दार आपटलं. पण दुपारभर ते वाक्य कानात माशीसारखं घोंघावत राहिलं. एकवीस वर्षांत मला हे सुचलंच नव्हतं. का सुचलं नव्हतं? विश्वास म्हणायचा, की मी कधी त्याचा विचारच केला नाही? दोन्हीत फरक काय, तेही कळेना.

२२ सप्टेंबर

काल द्राक्षं उतरवली. सिल्विया आली होती मदतीला. पोर्तोला औषधाच्या दुकानात असते, पण वेलीखाली वाकली की अजून माझीच पोर. तिला म्हटलं, "तुझे वडील एवढे लांब नसते तर हातभार लागला असता."

"लांब कुठं, आई? विमानानं अडीच तास."

मला वाटलं चेष्टा करते. "कुठून अडीच तास?"

"पोर्तोहून. थेट. रोज असतं."

विमानं उडतात हे मला ठाऊक आहे, मी काही गुहेत राहत नाही. पण अबिलिओ कायम बसनं आला. रात्रंदिवस अंग मोडून यायचा, पाय सुजलेले असायचे, म्हणून लक्झेंबर्ग म्हणजे दीड दिवस लांब हे माझ्या मनात दगडासारखं पक्कं. सामान असतं म्हणून बस, असं तो म्हणायचा, आणि मीही त्यावर पुढं काही विचारलं नाही. आज दिवसभर तेच. रविवारी चर्चला जाते, नंतर चौकात गप्पा, मग जेवण, एवढ्यात अडीच तास सहज होतात. शावेशहून पोर्तोला पोचायला बसला दोन तास लागतात. म्हणजे माझा नवरा पोर्तोपेक्षा थोडासाच पुढं राहतो! मग माझ्या पोटाच्या ऑपरेशनला का आला नाही? त्याच्या स्वतःच्या आईच्या मातीला कसा उशिरा पोचला?

सिल्वियाला विचारलं, "त्याला हे माहीत असेल?"

ती टोपली उचलत म्हणाली, "ते बाबांनाच विचार ना."

५ ऑक्टोबर

झोप उडाली आहे. एकदा वाटतं, फोनवर सरळ विचारावं. मग वाटतं, पाऊस काय म्हणतो यावर जाऊन थांबेल. शेवटी सिल्वियाला म्हटलं, तिकीट काढ. चेस्टनट पडायला लागायच्या आत जाऊन येते.

"बाबांना कळवू?"

"खबरदार."

मग म्हणाली, "आई, तिथं बाबा आनंदात दिसले तर चिडू नकोस हं."

हे काय बोलणं झालं? नवरा आनंदात दिसला तर बायको कशाला चिडेल?

१६ ऑक्टोबर, विमानात

अक्षर वाकडं येतंय. एर्मेलिंदानं भावासाठी दिलेला मध तपासणीत घेतला काढून. म्हणे पातळ पदार्थ चालत नाहीत. मी म्हटलं, "अहो, हा पातळ असेल तर चमचा घालून बघा, उभा राहतो." तो मुलगा हसला, पण मध ठेवूनच घेतला.

वर आल्यावर भीती गेली. खाली ढग आहेत, पेंढा पसरावा तसे. पायलट म्हणाला, दीड हजार किलोमीटर, अडीच तास. बसमध्ये अबिलिओ एवढ्या वेळात स्पेनच्या पठारावर पेंगत असायचा. घरून निघताना मनात भांडण जुळवत होते, पहिलं वाक्य कुठलं टाकायचं ते. ते अजून जुळलेलं नाही आणि बाई सांगतेय, पट्टे बांधा, उतरतोय. एवढ्यात?

१७ ऑक्टोबर, एश

काल काय झालं ते शांतपणे लिहिते, म्हणजे निदान मला तरी कळेल.

दोनला निघालो, अडीच तास उडालो, आणि उतरलो तर घड्याळात साडेपाच. शेजारचीला विचारलं तर म्हणाली, इथं एक तास पुढं चालतं. म्हणजे तो इतकी वर्षं माझ्यापुढं एक तास जगतोय. मी जेवण मांडायचे तेव्हा त्याची भांडी घासून झालेली असायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही, फोनवर तो म्हणायचा कधी, पण अंगावर आलं ते काल.

एश म्हणजे तो राहतो ते गाव, तिथपर्यंतच्या गाडीत तिकीट विचारायला कुणी येईना. सगळं फुकट असतं म्हणे. मी आपली पिशवी छातीशी धरून, कधी कोण पकडतंय अशी.

त्याची खोली एका कॅफेवर आहे. चालवणारी बाई आपल्याच देशाची, प्राझेरेस नावाची. बाहेर उभी राहिले तर आतून हसण्याचा कल्ला. एक माणूस गोष्ट सांगत होता. आवाज कसला दमदार! मधेच बायकी आवाज काढत होता, मधेच रानडुकरासारखा फुरफुरत होता, आणि लोक टेबलं बडवत होते. मला वाटलं, कुणी नाटकवाला असेल. काचेतून डोकावले. अबिलिओ होता.

खांद्यावर फडकं, बाह्या सारलेल्या, गाल लाल. घरी हा माणूस जेवताना मीठसुद्धा बोटानं दाखवून मागतो.

दार ढकललं. त्यानं मला पाहिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तो विझला. दिव्याची वात खाली करावी तसा. खांदे पडले, फडकं हातात आलं.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही गेलं."

"मग?"

"मी आले."

मग प्राझेरेस काउंटरमागून बाहेर आली. पंच्याहत्तरीची असेल, ओठांवर लव, गुडघ्यांना पट्टे. एर्मेलिंदाच्या स्कर्टाचा विषय तिथंच मिटला. तिनं माझे दोन्ही हात धरले. "देओलिंदा! झाडू घेऊन रानडुकराच्या मागं धावलेली देओलिंदा ती हीच का?"

एका टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "पाद्रीबाबांना चेस्टनट मोजून परत द्यायला लावणारी!"

सगळे पुन्हा हसले. माझ्याकडे बघून, पण वाईट नव्हे, कौतुकानं. या लोकांना माझं सगळं माहीत. मी डुकरामागं धावले होते हे खरं आहे, पण ते एकदाच, आणि भीतीनं रडत. इथल्या गोष्टीत मी रडत नाही. इथं माझ्या नावाची एक बाई इतकी वर्षं नांदतेय, माझ्यापेक्षा शूर आणि जास्त हजरजबाबी. तिच्यावर रागवावं की तिचा हेवा करावा?

रात्री वर त्याच्या खोलीत तो खुर्चीत झोपला. म्हणाला, तू दमली असशील. मी बाई शोधायला आले होते. सापडली असती तर काय करायचं ते तरी ठाऊक होतं.

१८ ऑक्टोबर

आज त्याची बाग बघितली. रेल्वेरुळांपलीकडे लोकांना जमिनीचे छोटे छोटे तुकडे देतात, तसा एक याच्याकडं आहे. माती लालभडक, जुन्या लोखंडाच्या खाणींची. त्यात आपल्याकडची सुपाची, गड्डा न धरणारी कोबी माणसाच्या उंचीची वाढवलीय. शेजारच्या तुकड्यावरचा म्हातारा त्यांच्या भाषेत काही बोलला, यानं त्याच भाषेत उलट उत्तर दिलं, दोघं पोट धरून हसले. माझ्या नवऱ्याला परकी भाषा येते, आणि तिच्यात विनोद करता येतो.

म्हातारा गेल्यावर मी विचारलं, "विमान आहे हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"मग दीड दिवस हाडं का मोडून घेतलीस?"

तो वाफ्यातलं तण उपटायला खाली बसला. मला वाटलं, आता पाऊस काय म्हणतो ते येणार. पण तो मातीकडं बघत बोलायला लागला.

"बसमध्ये फ्रान्स संपेपर्यंत मी इथलाच असतो. गप्पा मारतो, लोकांना हसवतो. स्पेन लागला की तोंड मिटायला लागतं. सीमेजवळ येईतो गप्प झालेलो असतो, आणि शावेशला उतरतो तो तुझा नवरा. तेवढा वेळ लागतो मला. विमानात तेवढा वेळ कुठं आहे? असाच उतरलो असतो."

"असाच म्हणजे?"

"तू परवा काचेतून बघितलंस ना, तसा."

मला एकदम राग आला. "म्हणजे गप्प राहायला मी सांगितलं का तुला?"

"नाही. पण घर तुझं आहे, देओलिंदा. मी कोबीला पाणी घातलं तर तू म्हणतेस, असू दे, मी घालते. कपाटातला एक खण माझ्यासाठी रिकामा करतेस, पाहुण्याला करतात तसा. तिसऱ्या दिवशी विचारतेस, परतीची बस कधी."

"ते सॉसेजं बांधायला विचारते! आधी कळलं तर धूर द्यायला वेळ मिळतो."

"असेल. मला आपलं तसं ऐकू येतं."

"आणि तुझी आई गेली तेव्हा?"

तो हातातलं तण चुरगाळत म्हणाला, "तेव्हा विमान घ्यायला हवं होतं. विमानतळापर्यंत गेलोही होतो. परत फिरलो आणि बस पकडली. आईसमोर कुठल्या तोंडानं जायचं, इथल्या की तिथल्या, तेच कळेना."

मी खाली बसले आणि तण उपटायला लागले. त्याची बाग, पण तो "असू दे" म्हणाला नाही.

२० ऑक्टोबर

परत आले. या वेळी बाराला निघालो आणि दीडलाच उतरलो. जाताना घेतलेला तास येताना हातावर ठेवतात. घेतला तेव्हाही मला विचारलं नव्हतं, दिला तेव्हाही नाही.

निघताना अबिलिओला म्हटलं, "अकरा नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या सणाला ये. चेस्टनट भाजू. विमानानं ये."

"मग असाच उतरेन म्हणून सांगितलं ना."

"असाच उतर. बघू तरी."

हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. माझी पिशवी तेवढी हातात दिली.

सिल्विया घ्यायला आली होती. "मग?"

"तुला ठाऊक होतं?"

"दोनदा गेले होते ना मी."

"तू तर म्हणाली होतीस, दुकानाचं प्रशिक्षण आहे."

"प्रशिक्षणही होतं, आई," म्हणाली, आणि समोरच्या रस्त्याकडं फारच लक्षपूर्वक बघत राहिली.

१ नोव्हेंबर

सकाळी कबरींवर शेवंती वाहिली. सासूच्या कबरीपाशी जास्त वेळ उभी राहिले. एर्मेलिंदा आली. "काय बघून आलीस?"

"कोबी," मी म्हटलं.

"कसली कोबी?"

"सुपाची. फार छान आलीय."

तिला वाटतंय मी लपवतेय. मलाही तसंच वाटतंय, पण काय लपवतेय ते मला माहीत नाही. बाई असती तर एका शब्दात सांगता आलं असतं. तो तिकडे सुखी आहे हे कसं सांगायचं? आणि तो नसताना मीही इथं दुःखी नसते, हे लिहिताना आत्ता पहिल्यांदा कळतंय. तो आला की मी थकते. तो गेला की मला झोप लागते. देवा, हे काय लिहून गेले? खोडायला पेन टेकवलं आणि तसंच ठेवलं.

६ नोव्हेंबर

फोन नाही. मीही केला नाही. चेस्टनट पडतायत, कंबर मोडली. तो येऊ नये असं वाटत नाही. यावा असं वाटतं का, तेही नक्की सांगता येत नाही. कपाटातला एकच खण रिकामा करावा की दोन, यावर अर्धी सकाळ घालवली. शेवटी काहीच केलं नाही.

११ नोव्हेंबर

काल सकाळी सिल्वियाचा फोन आला, "बाबा पोर्तोला उतरलेत. शावेशच्या बसमध्ये बसवून दिलंय. आई, ऐक, ते बोलताहेत."

"बोलताहेत म्हणजे?"

"म्हणजे थांबतच नाहीयेत."

मी गाडी घेऊन थांब्यावर गेले. तो एवढीशी पिशवी घेऊन उतरला, आणि पाय जमिनीला लागायच्या आत सुरुवात. विमानात शेजारच्या सीटवरची बाई उतरेपर्यंत डोळे मिटून प्रार्थना करत होती आणि हा तिला दर पाच मिनिटांनी सांगत होता, "बाई, आता फ्रान्स गेलं. बाई, आता समुद्र." गावापर्यंत अखंड चालू. मी गाडी चालवत होते आणि कानावर विश्वास बसत नव्हता. दोनदा चुकीचा गिअर टाकला.

फाटकाशी एर्मेलिंदा उभीच होती. "काय रे अबिलिओ, म्हातारपणी पंख फुटले?"

"फुटले ना. पाठीवर एक जागाही ठेवलीय. येतेस?"

एर्मेलिंदा लाजली. चाळीस वर्षांत तिला गप्प झालेलं मी पाहिलं नव्हतं.

पण घरात आल्यावर त्याचा आवाज संपला. कोट अंगावरच, पिशवी हातात, स्वयंपाकघराच्या मधोमध उभा. कुठं बसावं कळत नसल्यासारखा. मलाही त्याला कुठं बस म्हणावं ते कळेना. परतीचं विमान कधीचं, हा प्रश्न ओठापर्यंत आला होता, तो गिळला. इतका जड घास कधी गिळला नव्हता. आम्ही दोघं उभे. आता तो विचारणार, पाऊस काय म्हणतो, असं वाटलं. चेहरा पुन्हा मिटत चालला होता, मला दिसत होतं.

मी म्हटलं, "ती बाई. मग उतरली का नीट?"

"कुठली?"

"विमानातली. प्रार्थना करणारी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. पिशवी खाली ठेवली. "उतरली ना. पण उतरल्यावर काय झालं माहितीय..."

मी चेस्टनटना चिरा द्यायला घेतल्या. तो समोर बसला, त्यानंही दुसरी सुरी उचलली. त्याच्या चिरा उलट्या, फार खोल, भाजताना गर करपणार हे दिसत होतं. काही बोलले नाही. बाईवरून गोष्ट कुठल्याशा फोरमनवर गेली, फोरमनवरून एका इटालियनावर, तिथून बर्फात रुतलेल्या डांबराच्या गाडीवर. मला अर्धी नावं माहीत नव्हती. मी मधे मधे विचारत होते, हा कोण, तो कुठला, मग गाडीचं काय झालं. एकवीस वर्षांची माणसं एका दुपारी स्वयंपाकघरात आली, डोकं गरगरायला लागलं.

मधेच थांबून तो म्हणाला, "तुला कंटाळा येत नाही?"

"आला की सांगेन," मी म्हटलं. "त्या इटालियनाचं नाव काय म्हणालास?"